उच्च दाब आणि आईंची बॅग

“लिहून घे,” आमचे हे म्हणाले. “‘सूक्ष्म निरीक्षणाचे सम्राट, गुन्हेगारांचे कर्दनकाळ, आणि...’ आणखी काय शोभेल?”

“रविवारी दुकान बंद,” मी म्हटलं.

ह्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. ज्यांना नीट दिसत नाही ते लोक ह्यांच्याकडे येतात, त्यामुळे आपल्याला सगळंच दिसतं असा ह्यांचा समज झालाय. गेल्या वर्षी ह्यांची छत्री चोरीला गेली. तीन दिवस गल्लीत घरोघरी जाऊन ह्यांनी जबान्या घेतल्या. पाऊस होता म्हणून तीच छत्री उघडून गेले होते. शेवटी एका बाईंनी ह्यांच्याच हातातली छत्री दाखवली, तेव्हा हे म्हणाले, “बघितलंस? चोराने घाबरून परत केली.” वहीत ते प्रकरण ‘यशस्वी’ म्हणून नोंदलेलं आहे. नोंद मीच केली, कारण मी मदतनीस. पगार नाही, रजा नाही आणि राजीनामा द्यायचा तर साहेब माझाच नवरा.

पण हे प्रकरण खरंच गंभीर होतं. आमच्या घरात हीट पंप आहे. त्याची एक पेटी बाहेरच्या भिंतीला, दुसरी माळ्यावर. बाहेरची पेटी कुठून कुठून ऊब गोळा करते, माळ्यावरचा पंखा ती नळ्यांतून ढकलतो आणि प्रत्येक खोलीत दारावरच्या जाळीतून गरम हवा येते. जाळ्या पाच: हॉल, स्वयंपाकघर, आमची खोली, लेकीची खोली आणि पाहुण्यांची खोली. सहा वर्षं यंत्राने कधी कुरकुर केली नाही. गेले तीन आठवडे मात्र ते दहा मिनिटं चालायचं, खाडकन बंद पडायचं आणि भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटायची: उच्च दाब.

बरोबर तीन आठवड्यांपूर्वी पाहुण्यांच्या खोलीत आई राहायला आल्या होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. न्यूमोनियातून नुकत्याच उठलेल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, छातीला थंडी लागता कामा नये. आणि आमचं घर असं गारठलेलं! शेवटी धाकट्या दिरांनी फोन केला, “आईला मी संध्याकाळी पाच वाजता न्यायला येतो.” त्यांचं घर गरम आहे हे खरं, पण दोघं नवरा-बायको दिवसभर कामावर. आईंनी बोलायचं कोणाशी? भिंतींशी?

आणि माझं काय? या घरात मी हळूच काहीतरी बोलते, ते अठरा वर्षं कोणी ऐकलं नव्हतं. आई आल्या आणि पहिल्याच दिवशी माझ्या एका शेऱ्यावर त्यांना हसताना ठसका लागला. मला त्या हव्या होत्या. उगाच आढेवेढे कशाला घेऊ?

“पडद्यावर काय लिहिलंय? उच्च दाब,” हे येरझारा घालत म्हणाले. “म्हणजे यंत्र दबावाखाली आहे. पण कुणाच्या?”

“तुमच्या, बाबा,” लेक पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली. “तासभर टक लावून बघताय त्याच्याकडे.”

मग ह्यांनी ठसे घ्यायचे ठरवले. माझा टाल्कम पावडरचा नवा कोरा डबा भिंतीवरच्या बटणांवर रिकामा केला, दुकानातलं भिंग लावलं आणि चार वेळा शिंकून निष्कर्ष जाहीर केला. “उजवा अंगठा. मनुष्य चाळिशी उलटलेला, बुद्धिमान, करारी.”

“बाबा, तो तुमचाच अंगठा आहे.”

ह्यांनी अंगठा आणि ठसा दोन्ही ताडून पाहिले. “म्हणजे कोणीतरी माझे ठसे चोरलेत. प्रकरण वाटलं त्याहून खोल आहे.”

त्यानंतर ह्यांची नजर आमच्यावर पडली. लेकीच्या अंगात दोन स्वेटर, माझ्या डोक्याला कानटोपी, आई शालीत गुरफटलेल्या. “थांबा! आई आली त्या दिवशी यंत्र व्यवस्थित चालू होतं, तरी दुसऱ्या सकाळी तुम्ही सगळ्यांनी स्वेटर चढवले होते. यंत्र बंद पडणार हे तुम्हाला आधीच कसं ठाऊक?”

लेकीने पान उलटलं. आईंना खोकला आला. मी घाईघाईने म्हटलं, “अहो, तुमच्याही गळ्यात मफलर आहे.”

“ते वेषांतर आहे,” असं म्हणून ह्यांनी तो विषय तिथेच सोडला. हे कधीतरी खऱ्या धाग्याजवळ पोचतात, पण तिथे थांबायची सवय नाही.

त्याऐवजी हे शेजारच्या व्हायोलिनच्या मास्तरांकडे वळले. मास्तरांची मांजर रोज आमच्या बाहेरच्या पेटीवर येऊन बसते. “ती मांजर पाळलेली नाही,” हे दबक्या आवाजात म्हणाले, “पेरलेली आहे.”

मी गुपचूप मेकॅनिकला फोन केला.

दोन वाजता मेकॅनिक आला. शांत, सावकाश माणूस. बाहेरच्या पेटीला दाब मोजायची घड्याळं लावली. गॅस बरोबर होता, बाहेरचा पंखा फिरत होता, माळ्यावरचा फिल्टर मी परवाच धुतला होता. त्याने डोकं खाजवलं आणि विचारलं, “घरात सगळ्या खोल्यांत हवा नीट येते ना?”

“प्रश्न विचारायचं काम माझं,” आमचे हे कडाडले. “तुम्ही नट बघा.”

तो बिचारा शिडी लावून माळ्यावरचा पंखा तपासायला चढला. घरमालकांची त्याला सवय असावी.

साडेचारला ह्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. सोफ्याशेजारी आईंची बॅग तयार होती, वर सपातांची पिशवी बांधलेली. मला त्या बॅगेकडे बघवेना.

“आई, थोडे दिवस थांबा ना,” मी म्हटलं. “होईल काहीतरी.”

“अगं, मी आल्यापासूनच बंद पडतंय ते. एक खोली वाढली, भार पडला. मला काय कळत नाही? मी गेले की तुमचं सुरळीत होईल.” हे त्या अगदी सहज म्हणाल्या.

हे मधोमध उभे राहिले. अंगावर पावडर, हातात भिंग. “गुन्हेगार याच खोलीत आहे! मला सगळं समजलेलं आहे. आता लपण्यात अर्थ नाही. त्याने स्वतःहून कबूल करावं.”

नंतर कळलं, ह्यांचा रोख मांजरीवर होता. ती सोफ्याखाली झोपली होती. पण लेक एकदम रडवेली होऊन उठली.

“सॉरी बाबा! मीच बंद केली. माझ्या खोलीची जाळी. आजी आली त्याच दिवशी खुर्चीवर चढून खटका ओढला. मला वाटलं, माझी हवा आजीकडे वळेल.”

आता मीही कबूल करते. इतका वेळ वाचकांपासून एक गोष्ट लपवली, त्याबद्दल क्षमा असावी. “स्वयंपाकघराची मी बंद केली,” मी म्हटलं. “मला शेगडीची ऊब मिळते. म्हटलं, तेवढीच आईंना जास्त.”

“अगं बाई!” आईंनी कपाळाला हात लावला. “आणि माझी मी बंद करून ठेवलीय! पहिल्याच रात्री, काठीने. यंत्रावर माझा भार नको आणि पोरीची परीक्षा जवळ आलेली. तिला मिळू दे म्हटलं.”

तीन आठवडे आम्ही सगळे मिळून एका बंद जाळीकडे ऊब पाठवत होतो.

मग माझ्या डोक्यात काहीतरी लखलखलं. तीन आठवडे मी आमच्या खोलीत कुडकुडत होते आणि वय झालं असं समजत होते. रोज सकाळी माझ्या पांघरुणावर ह्यांचा कोट सापडायचा. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मांजरीकडे बघायला लागले.

“अहो, आमच्या खोलीची जाळी?”

“ती मी बंद केली,” हे भिंग पुसत म्हणाले. “पण तो गुन्हा नव्हता, कर्तव्य होतं. म्हणून संशयितांच्या यादीत घेतली नाही.”

शिडीवरून मेकॅनिकचा आवाज आला. “पाचपैकी चार बंद? मग ऊब उतरणार कुठे? ती यंत्रातच तुंबते, दाब वाढतो आणि ते जीव वाचवायला बंद पडतं. भार नाही हो आजी, उलट ते बिचारं द्यायला बसलंय आणि घ्यायला कोणी तयार नाही.” मग जरा थांबून, “मी आल्या आल्या हेच विचारलं होतं.”

आम्ही पळालो. लेक तिच्या खोलीत, तिथून आजीच्या. स्वयंपाकघरातला आणि आमच्या खोलीतला खटका मी स्वतः उघडला. यंत्र सुरू झालं. पाच मिनिटं. नऊ. दहा. कोणी श्वास घेईना. अकरा. पंधरा. दारावरून उबदार हवा केसांवर यायला लागली, लेकीने एक स्वेटर काढला आणि तेवढ्यात बेल वाजली.

धाकटे दीर गाडीची किल्ली फिरवत आत आले. “आई, निघायचं ना?”

“आलास? बॅग उचल,” आई म्हणाल्या. “सांभाळून, जड आहे. आणि माझ्या खोलीत नेऊन पलंगाखाली ठेव.”

दीर बॅग घेऊन नुसते उभे. मी हळूच म्हटलं, “पाच वाजताचा हमाल अगदी वेळेवर आला.” आई खो खो हसल्या. हसता हसता ठसका लागला, पाणी प्यायल्या आणि परत हसल्या.

दिवेलागणीला मी सगळ्या जाळ्यांवरून एक फेरी मारली. हॉलची उघडी, स्वयंपाकघराची उघडी, लेकीची उघडी, आईंची उघडी. आमच्या खोलीची परत बंद. खटक्यावर टाल्कम पावडरचे पांढरे ठसे. उजवा अंगठा. मनुष्य चाळिशी उलटलेला.

“लिहिलंस का?” हॉलमधून ह्यांचा आवाज आला. “‘प्रकरण यशस्वी. गुन्हेगार...’ गुन्हेगार कोण लिहायचा?”

मी खटका उघडला, बाहीने ठसे पुसून टाकले आणि ओरडून सांगितलं, “मांजर.”