आठवी ब येथील एकेचाळीस मातोश्रींची हकीकत

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि तिसरे नमन फळ्यावरच्या खडूस, की ज्याने हाडे झिजवून राज्य राखिले. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मास आषाढ, ते समयी आठवी ब नामे राज्यात जो प्रकार घडला तो आम्ही त्याच शाळेच्या दरबारचे कारकून, डोळ्यांनी पाहिला, कानांनी ऐकिला, आणि कोणी विचारले नसताही लिहितो.

राज्य लहान. प्रजा एकेचाळीस, बाके एकवीस, पंखे तीन, पैकी फिरणारा एक. मराठीचे गादीवर हेमलताबाई पाठारे सव्वीस वर्षे विराजमान. बाई उंचीने बेताच्या, परंतु दरारा ऐसा की त्या जिना चढू लागल्या की वर्ग आपोआप उभा राही. बाईंची रीत ऐसी, की निबंधाचे तासास संपूर्ण निबंध त्यांनी फळ्यावर सुवाच्य लिहावा, प्रजेने वहीत उतरवावा, मग वह्या कपाटात जाव्या आणि कपाटास कुलूप पडावे, कारण घरी नेलेली वही हरवते आणि मनाने लिहिलेल्या निबंधाचे मार्क जातात, हा बाईंचा अनुभव. या रीतीविरुद्ध कोणी ब्र काढिला नाही, आणि आम्हीही काढिला नाही, खोटे कशास बोला. मग मुख्याध्यापकांचे मनी आले, की काळ पालटला, भाषाही संगणकावर शिकवावी, आणि हुकूम सुटला, की वर्गाने ब्लॉग काढावा. बाईंनी पुसिले, ब्लॉग म्हणजे काय. संगणकाचे सर अदबीने बोलिले, की बाई, वहीच समजा, फक्त हिला कपाट नाही, ज्यास पाहिजे त्याने मोबाईलवर उघडावी, वाचावी आणि खाली आपले म्हणणे लिहावे. बाई म्हणाल्या, बरे, वही ती वही. आणि येथेच घोटाळा जाहला.

याच राज्यात ईश्वरी ढमाले नामे मुलगी. तिच्या मातोश्री सारिकाताई पेठेत पिठाची गिरण चालवीत. पापण्यांवर सदा पीठ, आणि मिरची दळली त्या दिवशी सारे घर शिंके. गिरणीच्या धडधडीवर बोलून बोलून आवाज ऐसा चढला, की गिरण बंद असताही तो खाली उतरेना. स्वतःची शाळा चौथीत सुटलेली. त्यांचे मनी एकच आस, की लेक शाळेत लिहिते तरी काय, आणि आपल्याविषयी काही लिहिते काय, ते एकदा डोळ्यांनी वाचावे. वह्या कुलपात, म्हणून आजवर योग नव्हता. मग मोबाईलवर ब्लॉगाची लिंक आली आणि सारिकाताईंनी भर गर्दीत गिरण थांबविली, गिऱ्हाइकांस बसविले, हात धुतले आणि अक्षराला अक्षर लावीत वाचावयास आरंभ केला.

विषय होता माझी आई. ईश्वरीने लिहिले होते, की माझी आई पहाटे तुळशीला पाणी घालते, मंद स्वरात ओव्या गुणगुणते, तिच्या हातांना चंदनाचा वास येतो. सारिकाताईंनी खालचा निबंध उघडिला, तेथेही चंदन. त्याखाली चंदन. एकेचाळीस घरी एकच आई नांदत होती, आणि वह्या वेगवेगळ्या असता जे सव्वीस वर्षे कोणास दिसले नाही ते ब्लॉगावर एकाखाली एक लागताच उघडे पडले. मग सारिकाताईंनी ईश्वरीचे निबंधाखाली एका बोटाने लिहिले, "निबंध लई छान आहे. पण ही बाई कोण?"

झाले. तेच वाचून इतर मातोश्रींनाही कंठ फुटला. कोणी लिहिले, आमच्या घरी ओव्या पोरांचे वडील म्हणतात. शेखांच्या मातोश्रींनी नम्रपणे पुसिले, की आमच्याकडे तुळस नाही, परंतु निबंधात आहे तर आणून लावावी काय. मुख्याध्यापकांचे तोंडचे पाणी पळाले, आणि ब्लॉग तात्काळ बंद करा म्हणत ते वर्गात आले. आम्हीही मागोमाग, मौज पाहावयास. तेव्हा बाईंनी सारिकाताईंचा प्रश्न वर्गास मोठ्याने वाचून दाखविला. प्रजा फिदीफिदी हसली. बाई हसल्या नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या, जे आम्ही तासाचे वेळी कधी पाहिले नव्हते, आणि बोलल्या, "ती माझी आई." मग सांगितले, की आपण आठवीत असता आई गेली, त्या वर्षी हा निबंध लिहिला, आणि तोच दरसाल फळ्यावर लिहितो, तेवढ्यापुरती तिची भेट होते. मुख्याध्यापक खिडकीबाहेर पाहू लागले, आणि ब्लॉग बंद करण्याचे नाव त्यांनी पुन्हा काढिले नाही. आमचे डोळे भरून आले, त्यात लाजावयाचे काय.

मग बाईंनी फर्माविले, की आता फळ्यावर काही येणार नाही, ज्याने त्याने आपापली आई लिहावी. प्रजा भांबावली. एकाने पुसिले, किती ओळी. दुसऱ्याने पुसिले, मारते ते लिहिले तर चालेल काय. बाई म्हणाल्या, लिही. मग सर्वांनी लिहिले, आणि ईश्वरीने लिहिले ते ऐसे, की माझी आई फार मोठ्याने बोलते, पालकसभेत ती बोलली तेव्हा सगळे वळून बघत होते, मला लाज वाटली, म्हणून पुढच्या सभेची चिठ्ठी मी तिला दाखवलीच नाही, तिला वाटते सभा झाली नाही. बाईंनी वाचिले. त्यांनी हळूच सुचविले, की शेवटचे तेवढे गाळू या. ईश्वरी मान खाली घालून बोलली, "बाई, ते काढलं तर ती माझी आई होत नाही." आणि 'प्रसिद्ध करा' हे बटण तिने आपल्या हाताने दाबिले.

चार दिवस त्या निबंधाखाली एक अक्षर उमटले नाही. सारिकाताई घरी आवश्यक तितकेच बोलत. ईश्वरीचा डबा भरलेला परत जाई. पाचवे दिवशी सारिकाताई अंगावरच्या पिठासकट वर्गाचे दारात उभ्या राहिल्या, आणि पोर पांढरी पडली. त्या बाईंस हलक्या आवाजात बोलल्या, इतक्या हलक्या की आम्हास पुढे सरकावे लागले, "हे हिनं मनानं लिहिलंय ना? कुणी सांगून नाही ना?" बाई म्हणाल्या, तिचेच आहे, शब्दन्‌शब्द. सारिकाताई लेकीकडे वळल्या. मग त्यांनी पदराने तोंड पुसले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात, जो आठवी ड पर्यंत पोचला, बोलल्या, "मग आता पुढच्या सभेला मी येणार. आवाज हाच राहणार. तू शेजारी बसायचं." ईश्वरी रडत रडत मान हलवीत होती, आणि बाईंनी तो तास तेथेच सोडिला.

येणेप्रमाणे आठवी ब येथील वर्तमान. ब्लॉग बंद जाहला नाही. त्यावर एकेचाळीस मातोश्री आहेत, दोन सारख्या नाहीत, आणि बेचाळिसावी चंदनाची, तिजखाली हेमलताबाईंनी आपले नाव घातिले आहे. लेखनात अधिकउणे जाहले असल्यास क्षमा असावी. लिहिणाराची आई गावी हयात असून तिला फोन करून महिना लोटला, सबब बखर येथेच आवरती घेतली.