एका रेघेचे साळवेमामा

लग्नपत्रिका हातात पडली की साळवेमामा आधी खिशातला निळा पेन काढतात. मागच्या उन्हाळ्यात एका पत्रिकेत शनिवारच्या तारखेपुढं रविवार छापला होता. मामांनी रविवारवर एक रेघ मारली, वर शनिवार लिहिलं, बाजूला सही केली, तारीख टाकली आणि पत्रिका नवरदेवाच्या बापाला परत दिली. "आता चालंल," म्हणाले. बिचारा बाप पत्रिका उलटीसुलटी करून बघत राहिला.

देवगाव फाट्याजवळच्या आमच्या दूध शीतकरण केंद्रात मामा नोंदवह्या सांभाळतात. मी तिथं लागले, त्या पहिल्याच दिवशी तापमानाचा एक आकडा चुकला. मी व्हाइटनर लावून वर सुबक अक्षरात बरोबर आकडा लिहिला. मामांनी ते पान उन्हात धरलं.

"हेच्याखाली काय हाय?"

"चूक होती, मामा."

"मग झाकली कशाला? चूक वाचता आली पायजे. एक रेघ, बाजूला खरा आकडा, सही, तारीख अन् कारण."

शाळेत मला स्वच्छ वहीचं बक्षीस मिळालेलं. इथं स्वच्छ पान म्हणजे गुन्हा! मला काही कळेना. व्हाइटनर त्यांनी उंदराच्या औषधासारखं कुलपात घातलं.

बोलण्यातही तेच. "काल तुला बावळट म्हणलो, ते काट. घाईत म्हणलो." कारणासकट!

एका दुपारी सवयीनं मी टाकीच्या तापमानापुढं चार लिहून मोकळी झाले. मग काट्याकडं पाहिलं, तर नऊ! दूध गार करायचं यंत्र बंद पडलं होतं. मी मामांना हाक मारली. मामांनी आधी दूध अडवलं, न्यायला आलेला टँकर रिकामाच परत धाडला. मग वही पुढं सरकवली. मी चारवर रेघ मारली, बाजूला नऊ लिहिलं, सही केली, तारीख टाकली.

"कारण काय लिहू?"

"झालं ते लिही."

मी लिहिलं: न पाहता लिहिले.

आठवड्यानं तपासणी लागली. आमचे व्यवस्थापक घाबरले. "साळवे, ते पान नवं लिहून काढा. पोरीची नोकरी जाईल."

खरं सांगायचं तर मलाही नवं पानच हवं होतं. मामा जागचे हलले नाहीत. "नवं पान लय गोरं दिसतंय साहेब. तेच आधी डोळ्यात भरंल."

तपासायला आलेल्या साहेबांचं बोट नेमकं त्या ओळीवर थांबलं.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो," मी म्हणाले.

"मग त्या दुधाचं काय केलं?"

मामांनी खालची ओळ दाखवली: दूध अडवले, पाठवले नाही. साहेबांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पान उलटलं. नोकरी राहिली. पण ते पाहणं शाबासकीचं होतं की ताकिदीचं, मला अजून उमगलेलं नाही.

पुढं एकदा मामांच्याच हातून तारखेतला महिना चुकला. सांगावं की गप्प बसावं? शेवटी भीत भीत मी त्यावर बोट ठेवलं. मामांनी चष्मा पुसून ती जागा पुन्हा वाचली. मग रेघ मारली, सही केली आणि वही फटकन मिटली. चिडले असणार, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आपला डबा माझ्यापुढं सरकवला. वांग्याची भाजी होती.

"खाऊन सांग, मीठ कसं झालंय."

घास घेतला आणि तोंड खारट झालं. "चांगली झालीय," मी म्हणाले.

"नीट सांग, बाई. तुझी मामी दीड साल झालं पुण्याला हाय, लेकीच्या बाळापाशी. रोज फोन करती, जेवायला काय केलंतं इचारती. पन फोनवर मीठ कळत न्हाई."

मी पाण्याचा घोट घेतला. "लय खारट झालीय, मामा."

"आस्सं?" मामा एकदम खुलले. "मंग उद्या अर्धाच चमचा घालतो. चाखशील न्हवं?"