पुढच्या चाकाने काढलेला गळा

पुढच्या चाकातून चिर्र असा आवाज यायला लागला, तेव्हा गाडी सरळ गॅरेजला नेली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण जावईबापूंनी ठरवलं, आधी आवाज कसला आहे ते आपणच शोधू. विम्याच्या ऑफिसात ते दाव्यांची छाननी करायचे. कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी गेल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, ही जुनी सवय. (याच सवयीपायी घरातला नळ पावसाळाभर गळत होता.)

'जावईबापू' हे नाव सासऱ्यांनी पाडलेलं. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. त्या नावात मान किती आणि टोमणा किती, हे जावयाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण ते चिकटलं. हल्ली सासरे अंथरुणाला खिळले होते. जावईबापू आणि त्यांची बायको रोज संध्याकाळी त्यांना बघायला जायची आणि वाटेत संशोधन चालायचं.

"डावीकडून येतोय की उजवीकडून?"

बायको खिडकीतून डोकं बाहेर काढून ऐकायची. "खालून येतोय."

"खालून म्हणजे?"

"म्हणजे वरून येत नाहीये. अहो, गॅरेजला दाखवा ना एकदाची!"

"तो काय, चारही चाकं बदला म्हणेल."

एका संध्याकाळी तर त्यांनी बायकोला गाडी चालवायला बसवलं आणि स्वतः चाकाकडे कान करून, कमरेत वाकून गल्लीतून गाडीबरोबर चालायला लागले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काही पडलं का तुमचं?" उत्तर द्यायला मान वळवली, तर रस्त्यावरची सगळी धूळ डोळ्यांत. पण डोळे चोळता चोळता शोध लागला. ब्रेक दाबला की आवाज बंद, सोडला की सुरू!

"सापडलं!" ते ओरडले.

"काय सापडलं?"

ते मात्र त्यांना सांगता येईना. तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. तिने ऐकून घेतलं आणि गाडी बंद केली.

"बाबा गेले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शववाहिका पुढे, तिच्यामागे चालणारी माणसं आणि सगळ्यांच्या मागे जावईबापूंची गाडी. शेजारी बायको, मागे सासूबाई. बायको कालपासून रडलीच नव्हती. आलेल्यांना पाणी दे, फोन घे, डॉक्टरांशी बोल, यातच तिची रात्र गेली होती.

गाडी माणसांच्या चालीने निघाली आणि चाकाने गळा काढला.

लोक वळून बघायला लागले. जावईबापूंनी घाईघाईने ब्रेक दाबला. शांत. सोडला, पुन्हा तेच. मग ते दाबत सोडत, दाबत सोडत गाडी नेऊ लागले, आणि आवाज हुंदके दिल्यासारखा तुटक तुटक येऊ लागला. अशाही वेळी त्यांची छाननी थांबली नव्हती. डावंच चाक असावं अशी शंका आल्याने ते मधूनमधून स्टिअरिंगवर कपाळ टेकवून कान खाली नेत होते. बाहेरच्यांना दिसत होतं ते एवढंच: धुळीने लाल झालेले डोळे, स्टिअरिंगवर कोसळलेलं डोकं आणि हुंदके.

स्मशानाच्या फाटकाशी चुलतसासऱ्यांनी दार उघडून त्यांना मिठीच मारली. "आवरा, जावईबापू! पोटचा मुलगा रडणार नाही असे रडलात हो!"

"नाही काका, ते चाक रडत होतं."

"खरं आहे. संसाराचं चाक असंच रडत चालतं." काकांचेही डोळे भरून आले.

"पुढचं चाक, काका. डावं."

"बोलू नका. आधी पाणी प्या."

दोघांनी धरून त्यांना बाकावर बसवलं. कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी वारा घातला. पलीकडे भिंतीशी बायको एकटी उभी होती. वडील तिचे गेले होते, आणि तिला कुणी साधं पाणीही विचारलं नव्हतं. जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्याकडे जायला उठले, तर काकांनी खांदे दाबून पुन्हा खाली बसवलं.

परतताना गाडीत तिघंच होती. फाटक मागे पडलं, चाक वाजायला लागलं, आणि त्या आवाजाच्या आडोशाला बायको एकदाची रडली. जावईबापूंनी ब्रेकवरचा पाय काढून घेतला. घराचं वळण आलं, तेही जाऊ दिलं. लांबच्या रस्त्याने, तिचं रडून होईपर्यंत, त्यांनी चाकाला खुशाल वाजू दिलं.

ती शांत झाली तेव्हा मागून सासूबाई बोलल्या.

"ब्रेकचे पॅड झिजलेत तुमचे."

"तुम्हाला कसं कळलं, आई?"

"मला कुठलं कळतंय? हे म्हणायचे. तुमची गाडी दारात आली की पडल्या पडल्या म्हणायचे, पॅड गेलेत त्याचे."

"मग मला सांगायचं नाही का?"

"मी सांगणारच होते. हेच म्हणाले, उत्तर सांगू नकोस, त्याचं त्याला काढू दे." सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "परवा तुम्ही येत होतात तेव्हासुद्धा विचारलं, आलं का गं त्याला?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"मी कशाला काही म्हणू?" सासूबाई म्हणाल्या. "त्यांना चाक ऐकू येत होतंच की."