दादासाहेबांनी घरची विषमता जिंकिली त्याची हकीकत

"मी अंथरुणाला खिळले तर मला वाटून घेऊ नका रे, नुसतं हाकेला ओ द्या," ऐसी आज्ञा मातोश्रींनी हिंडत्याफिरत्या असता केली होती, ती धाकट्या बाईसाहेबांचे ध्यानी राहिली. थोरले दादासाहेब, सर्वेक्षण कचेरीचे अधिपती, आकडेधुरंधर, यांचे ध्यानी न राहिली. देवास स्मरून, जैसे घडले तैसे लिहिले असे.

मातोश्रींचे खुब्याचे हाड मोडले, आणि धाकट्या, दादासाहेब व वहिनीसाहेब यांनी एकेक दिवस आळीपाळीने सेवा करावी ऐसा तह जाहला. मग दादासाहेबांनी वेळेची मोजदाद आरंभिली, आणि सोमवारी तिघांचे सेवेचे तास लिहून विषमतेचा निर्देशांक काढिला, तो थेट शिखरावर चढला; सारी सेवा धाकट्यांचे नावे, बाकी दोघांचे नावे शून्य. मग दादासाहेब बहुत कळवळले, आणि भगिनीवरील जुलूम निवारणार्थ मातोश्रींस वृद्धाश्रमी रवाना करावे ऐसा हुकूम फर्माविला. रिकाम्या खोलीत आपले मेज मावते, हेही मापून ठेविले.

मंगळवारी सकाळी धाकट्या म्हणाल्या, "अरे दादा, सोमवार माझाच होता! आज तुझी पाळी. उद्या मोजलंस तर वहिनी एकटीच राबताना दिसेल. मग काय, आईला आणखी लांब पाठवशील?"

शास्त्राची अब्रू राखणे म्हणोन दादासाहेबांनी पुरा फेरा मोजण्याचे ठरविले. मग त्याच दिवशी दादासाहेब संगणकासह मातोश्रींचे उशाशी तळ देऊन बसले, आणि मातोश्रींनी पाणी मागता बोट वर करून थोपविले. पाणी वहिनीसाहेबांनी स्वयंपाक करता करता येऊन दिले, परंतु एका वेळी एकच काम लिहावे ऐसा कायदा, सबब ते स्वयंपाकाचे रकान्यात बुडाले. बुधवार सरता तिघांचे तास सारखे भरले, निर्देशांक शून्यावर कोसळला, आणि समता कायम जाहली.

"समता म्हणे! अहो, आईंजवळ बसून आईंचीच आकडेवारी केलीत!"

"बसलो तर होतो ना?" ऐसा जाबसाल जाहला.

येणेप्रमाणे दादासाहेबांनी खुर्चीवरून न उठता विषमता जमीनदोस्त केली, मातोश्रींची रवानगी रद्द जाहली, आणि फत्ते दप्तरी दाखल केली. शुक्रवारी फिरून दादासाहेबांचीच पाळी आली. दादासाहेब फत्तेचा अहवाल लिहिण्यात गर्क. रवानगी टळली तर अंगणात उन्हाला नेईन, ऐसा शब्द धाकट्यांनी मातोश्रींस दिला होता. त्यांनी चाकांची खुर्ची पलंगाशी लाविली आणि मातोश्रींचे पायी सपाता चढवू लागल्या.