गजाभावांचा पायपंप

आमचे शेजारी गजाभाव समोरच्या माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या टायरांकडे पाहतात. त्यांच्या पुतणीला पाहायला मंडळी आली, तेव्हा सारे घर दारात हात जोडून उभे होते आणि गजाभाव पाहुण्यांच्या गाडीपाशी उकिडवे बसले होते. "फाटलें दावें चाक बसलां मरे," एवढेच त्यांचे स्वागताचे भाषण. पाहुणे चहा पीत होते तोवर त्यांनी ते मागचे डावे चाक भरून दिले.

त्यांच्या जुन्या मारुतीच्या डिकीत टॉवेलात गुंडाळलेला, पायाने दाबायचा लोखंडी पंप असतो. वाटेत कोणाचेही चाक बसलेले दिसले की गाडी थांबते. चाक अगदीच फाटलेले नसेल, तर भरलेली हवा पेडण्याच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत टिकते. मात्र दुपारी एक ते चार तिथला पंक्चरवाला फळ्या लावून निजतो. नेमक्या याच वेळात गजाभाव रोज गाडी बाहेर काढतात. कुठे निघालात म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले, "काम आसा."

पार्से ते धारगळ या रस्त्याच्या दुर्दशेबद्दल मी संबंधित खात्याला पाठविलेल्या पत्रांच्या स्थळप्रतींची फाइल आता सुतळीने बांधावी लागते. उत्तर एकालाही आलेले नाही. अशा परिस्थितीत गजाभावांचे वर्तन मला लोकहितविरोधी वाटे, आणि तसे मी त्यांना स्पष्ट शब्दांत बजावलेही होते.

"गजाभाव, नागरिक संतापून तक्रार करण्याच्या बेतात असतो, आणि तुम्ही त्याचे चाक भरून त्याला घरी धाडता! अर्जावर सही करायला संतापलेला माणूस मी आणायचा कुठून?"

"नाना, संताप तुमी भरात. वारो हांव भरतां."

गजाभाव पत्नीच्या पश्चात एकटेच राहतात. त्यांची मुलगी सुलभा पुण्याला असते. तिने गाडीच्या बॅटरीवर चालणारा, तीन मिनिटांत चाक भरणारा नवा पंप त्यांना पाठविला आणि मला फोन केला.

"नानाकाका, बाबा अर्धा अर्धा तास उन्हात उभे राहून पंप मारतात. सत्तरी उलटली आता. नवा पंप वापरणार नसतील, तर मी येऊन गाडीच विकून टाकीन. तुम्ही खोटं लिहिणार नाही, म्हणून खरं काय ते तुम्हीच लेखी कळवा."

उभ्या आयुष्यात माझ्याकडे आपण होऊन लेखी अहवाल मागणारी ही पहिलीच व्यक्ती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वही घेऊन गजाभावांच्या गाडीत जाऊन बसलो.

धारगळच्या अलीकडे एक नवराबायको स्कूटर धरून उभी होती. गजाभाव उतरले, पंप जोडला आणि सावकाश पाय मारू लागले.

"रावात, जाता आतां. खंयचे तुमी?"

"बांद्याचे," नवरा म्हणाला. "हिच्या आवशीक बघूक चललंव. पाय मोडलो तिचो."

"देवा! कशें पडलें?"

"शेळयेक हाकलताना," बाई म्हणाली.

"शेळी बरी आसा मगो?"

"शेळी ठणठणीत आसा. आवस बोंबालता!" आणि आईच्या काळजीने इतका वेळ रडवेली झालेली ती बाई खळखळून हसली.

गजाभावांनी घाम पुसायला टॉवेल मागितला. मी डिकी उघडली. टॉवेलाखाली सुलभाचा पंप खोक्यातच होता. चिकटपट्टीसुद्धा फोडलेली नव्हती.

"हे काय आहे?" मी ओरडलो. "तीन मिनिटांच्या कामासाठी या माणसांना उन्हात खोळंबवता? सुलभाला कळले तर गाडी जाईल तुमची!"

गजाभावांचा पाय थांबला. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तीन मिनटांत मनीस आपलें नांव सुद्दां सांगना, नाना. जेवण जालें की म्हजें घर गप्प. सांज जायसर कोणाचो आवाज ना."

मी टॉवेल दिला आणि डिकी लावली.

त्या संध्याकाळी अहवाल लिहिला. 'चि. सुलभा हिस आशीर्वाद. तू पाठविलेला पंप मी समक्ष पाहिला. तो गाडीत असून उत्तम स्थितीत आहे. तुझे वडील उन्हात उभे राहत नाहीत.'

यातील पंपाविषयीचे विधान निर्विवाद सत्य होते. शेवटचे मात्र लिहिताना असत्य होते, आणि पत्र पुण्यास पोहोचण्यापूर्वी ते सत्य करणे मला भाग होते. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी मोठी काळी छत्री घेऊन त्यांच्या गाडीत बसू लागलो. ते पंप मारतात, मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरतो. गाडी अजून त्यांच्याच दारात आहे. माझ्या अर्जावर आता सह्याही मिळतात, कारण चाक भरले की गजाभाव सांगतात, "सही करात तांका. मनीस बरो आसा."

परवा एका टेम्पोवाल्याने त्यांना विचारले, "हे छत्रीवाले कोण?"

मला ऐकू जाऊ नये म्हणून गजाभावांनी आवाज खाली आणला. मी हातभर अंतरावर होतो.

"शेजारी म्हजे. घरांत एकटेच आसतात, दीसभर पत्रां बरयतात. म्हणून हांव तांका दनपारचे भायर हाडटां."

दुपारचे ते मला बाहेर आणतात, या विधानाचे मुद्देसूद खंडन करणे मला सहज शक्य होते. मी छत्री थोडी त्यांच्या बाजूला कलती केली.