चांदणीला दुखत असल्याचा पुरावा

भोईवाड्यातल्या निलेश तोडणकरची वरातीची घोडी, चांदणी, एका सकाळी पुढचा पाय टेकवेना. निलेशने तिला हळूहळू चालवत जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर आकांक्षाने खूर दाबून पाहिला. आत पू झाला होता.

"खूर कोरून पू काढावा लागेल. आधी दुखणं कमी करणारं इंजेक्शन देते," ती म्हणाली. "मग आराम. वराती बंद."

इंजेक्शन कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली 'मोठे पशू वेदना निश्चिती समिती'कडे. औषधाचा गैरवापर होऊ नये म्हणून नेमलेल्या या समितीच्या कारकिर्दीत एकही गैरवापर झाला नव्हता. वापरही झाला नव्हता.

समितीचे अध्यक्ष अजित सबनीस स्वतःची कंबरदुखीची गोळी गिळून आले.

"शांत उभी आहे की."

"सर, घोड्याला दुखलं तर ते ओरडत नाही. गप्प होतं."

"म्हणजे तक्रार नाही."

"लंगडतेय ती, साहेब," निलेश म्हणाला.

"ही तुमची तक्रार झाली. तिची कुठेय?"

दीर्घ चर्चेअंती ठरलं, की खरोखर दुखत असल्यास जनावर कामाला नकार देईल. सबब घोडीस त्याच संध्याकाळी हिंदमाता चौकातल्या एका वरातीत उभं करावं. न आणल्यास प्रकरण निकाली काढण्यात येईल.

निलेशने तिच्या कानात सांगितलं, "बाय माझे, आज बसकण मार गो. एकदाच."

पण चांदणी शिकवलेली घोडी. ढोल वाजला, अंगापिंडाने भरलेला नवरदेव पाठीवर बसला आणि ती पाय उचलत, आखडत चालू लागली. सबनीस समाधानाने म्हणाले, "काम करतेय. वेदना नाही."

आकांक्षाला राहवलं नाही. तिने वरात अडवली, नवरदेवाला उतरवलं, पदरच्या पैशाने आणलेलं इंजेक्शन दिलं आणि काही वेळाने तिथेच फुटपाथच्या कडेला खूर कोरला. दुसऱ्या दिवशी चांदणीने पाय टेकवला. निलेश तिच्या मानेला मिठी मारून रडला.

आकांक्षाला लगेच नोटीस आली: घोडीस आता दुखत नाही, हे आपणही मान्य करता. मग इंजेक्शन कशासाठी दिलं?

"वरातीतल्या माणसांना विचारा," आकांक्षा म्हणाली. "ती लंगडत होती की नाही ते सांगतील."

समितीने विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं: घोडी मस्त ठेका धरून नाचत होती.

आता एकच जबाब बाकी आहे, हे वाचणाऱ्या तुमचा. वरातीच्या व्हिडिओत तिच्या अगदी पुढ्यात रुमाल फिरवत नाचताना तुम्हीच दिसताय.