गणपतराव गोळी चाखतात

आमची ही, मी आणि शेजारचे गणपतराव मोहिते, आम्ही तिघांनी मिळून शेवटचं साधं काम केलं ते दुधीच्या भाजीचं. ही चबुतऱ्यावर बसली होती. मी कडेला बिडी ओढत होतो. आणि गणपतराव समोर मांडी घालून भाजीची एक फोड जिभेच्या टोकावर धरून बसले होते. गिळत नव्हते, थुंकत नव्हते, डोळे मिटलेले. गल्लीतून एक म्हैस गेली, तिच्या मागून तिचा मालक गेला, तरी यांची फोड तिथंच. मग एकदाची त्यांनी ती गिळली, डावा हात पोटावर ठेवला आणि उजव्या हातानं त्याच डाव्या हाताची नाडी धरली.

"थांबा," म्हणाले.

आम्ही थांबलो. ही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, रोजच्यासारखी. घटकाभरानं म्हणाली, "काही झालं नाही तुम्हाला, भावजी. जा आता घरी, आणि ही वाटी घेऊन जा."

"अजून तरी ठीक," असं म्हणून गणपतराव वाटी घेऊन गेले.

त्याच आठवड्यात हिला ताप भरला आणि ती गेली. त्याच्यावर मी काही लिहिणार नाही. मला गणपतरावांचं सांगायचं आहे.

दुधीच्या भाजीत कोण विष घालतं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं, माधवगंजात नवा राहायला आलो तेव्हा. तर गणपतरावांची ती नोकरी होती. एका मोठ्या सरदारांच्या मुदपाकखान्यात, म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरात, ताट आत जायच्या आधी हे त्यातलं थोडंथोडं खाणार. घटकाभर सगळे थांबणार. हे जिवंत राहिले तर सरदार जेवणार. सरदारांचं नाव मी सांगत नाही, त्यांची नातवंडं अजून शहराच्या लष्कर भागात राहतात आणि मला रस्त्यात नमस्कार करतात.

सगळ्या नोकरीत यांना विष काही मिळालं नाही. एकदाच पोट बिघडलं, तेही बाजारच्या कचोरीनं. पण त्या भानगडीत लग्न राहून गेलं. "सकाळी चाखायला गेलेला माणूस संध्याकाळी घरी येईलच असं नाही," ते म्हणायचे. "कुणाच्या पोरीला कशाला फसवायचं?"

मी म्हणायचो, "मी फौजेत होतो. मी काय करायचं होतं मग?"

"तुमच्यावर गोळी समोरून येणार, हवालदार. माझ्यावर आतून."

मग संस्थान विलीन झालं. आमच्या पलटणीला नव्या टोप्या आल्या आणि आम्ही हिंदी फौजेत गेलो, वर्षादोन वर्षांत मी पेन्शनीवर आलो. सरदारांची जहागीर गेली. आधी हत्ती गेला, मग आचारी गेले, शेवटी सरदार स्वतः स्टोव्ह पेटवून चहा करायला लागले. एक दिवस गणपतरावांना बोलावून म्हणाले, "मोहिते, आता आम्हाला मारावं असं कुणालाच वाटत नाही." हे सांगताना गणपतरावांचा आवाज अजून उतरतो.

नोकरी सुटली, पण माणूस सुटला नाही. जन्मभर ज्यानं पगार घेऊन स्वतःच्या पोटावर कान ठेवला, त्याला पोट रोज काहीतरी सांगणारच. डाव्या कुशीत चमकलं तर आतडं. तळवा गरम लागला तर लिव्हर. जांभई दोनदा आली तर मेंदू. हजीऱ्याचे हकीम, माधवगंजातले वैद्य, किला गेटचा कंपाउंडर, सगळ्यांनी यांची नाडी धरली आणि सगळ्यांनी सोडली. कंपाउंडर तर यांना लांबून बघून शटर ओढायचा. आणि एवढं करून यांनी कुणाची पुडी कधी पूर्ण खाल्ली नाही. दवा म्हणजे अनोळखी पदार्थ. जिभेला लावणार, थांबणार, आणि बाकीची तुळशीत टाकणार. तीन तुळशी मेल्या. ते म्हणायचे, "बघा, वाचलो की नाही?"

हे सगळं गमतीत चाललं होतं तोवर ठीक होतं. मध्यभारताचा मध्य प्रदेश झाला, कचेऱ्या भोपाळला गेल्या, ट्रकवर कपाटं आणि कपाटांमागे बाबू. माझा मुलगाही आपल्या कपाटामागे बायकोपोरांना घेऊन गेला. गल्ली निम्मी झाली. राहिलो आम्ही तिघं. मग ही गेली आणि दोघं राहिलो.

ती गेल्यावरही गणपतराव रोज संध्याकाळी येत. ते येणार म्हणून मला चूल पेटवावी लागायची, नाहीतर मी मूठभर चण्यांवर भागवलं असतं. मी डाळ करायचो. चांगली व्हायची नाही. ते बोटावर घेऊन जिभेला लावत, नाडी धरत, म्हणत, "थांबा." मी बिडी ओढत थांबायचो. मग ते जरा वेळ दाराकडे बघत आणि उठून जात. "अजून तरी ठीक" म्हणणं बंद झालं. माझ्या ते लक्षात आलं, पण त्याचं काय करायचं ते कळलं नाही.

हळूहळू त्यांच्या जिभेवर काहीच पास होईना. दूध नापास, पोळी नापास, केळं सोलून बघितलं आणि परत सालीत ठेवलं. धोतर कमरेवर राहीना म्हणून त्यांनी वरून सुतळी बांधली. रात्रभर छाती धडधडते म्हणत. सकाळी उठून काय करायचं, म्हणत. एक दिवस भिंतीला धरून चालताना दिसले तेव्हा मी त्यांना टांग्यात घातलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथले डॉक्टर तरुण होते, आणि शांत. त्यांनी छाती बघितली, पोट बघितलं, आमच्या दोघांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाबूजी, दिल आपका घोड़े जैसा है. बीमारी घबराहट की है, और उसके नीचे उदासी है. इसकी गोली अब आने लगी है."

"उदासी की गोली?" गणपतराव म्हणाले. "मतलब आग्रा?"

आमच्याकडे आग्रा म्हटलं की लोकांना ताजमहाल नंतर आठवतो, आधी तिथलं वेड्यांचं हॉस्पिटल आठवतं.

"आगरा नहीं," डॉक्टर हसले. "अपने घर, अपनी खाट. रोज़ शाम को एक. शुरू में मुँह सूखेगा, थोड़ी बेचैनी भी लग सकती है. डरना मत, मुझे आकर बताना. आराम आने में कुछ हफ़्ते लगेंगे." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "खाना ऐसे ही छूटा रहा तो ये ठंड का मौसम नहीं निकालेंगे. गोली खिलाइए."

टांग्यात गणपतराव एकच गोष्ट धरून बसले. "मुँह सूखेगा. ऐकलंत? तोंड कोरडं. माझी जीभच काढून घेतायत, हवालदार."

"जीभ तुमच्या तोंडातच राहणार आहे."

"कोरडी जीभ काय कामाची? उद्या खरंच विष आलं तर कळणार कसं?"

"कोण घालणार आहे तुम्हाला विष? तुमच्याजवळ आहे काय? एक सुतळी."

ते रागावले आणि घरापर्यंत तोंड फिरवून बसले. पण उतरताना म्हणाले, "घेतो गोळी."

रोज संध्याकाळी मी भिंतीवरून विचारायचो, "घेतली का?" ते म्हणायचे, "घेतली." पुन्हा दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, काही फरक? काही नाही. डॉक्टर विचारात पडले. मीही पडलो. मग परत येऊन त्यांच्या खोलीत गोळ्यांची बाटली हलवून बघितली, तर जशी आणली तशी भरलेली. उघडली. वरची एक गोळी बाकीच्यांपेक्षा बारीक आणि पांढरी पडली होती. तिचा रंग गेला होता.

"गणपतराव, हे काय?"

"चाखतो की रोज," ते म्हणाले. त्यात त्यांना काही लपवण्यासारखं वाटत नव्हतं. "वरून साखरेचा हात दिलाय. आत एकदम कडू, आणि टोकाला जरा जळजळ. अजून मत झालेलं नाही."

"रोज तीच चाटून परत ठेवता?"

"एक संपल्याशिवाय दुसरी कशाला खराब करायची?"

मला हसू आलं आणि रागही आला. मी म्हणालो, "आणा इकडे. मी गिळून दाखवतो एक. मी मेलो नाही तर तुम्ही घ्या."

"तसं करू नका," ते घाबरून म्हणाले. "डॉक्टरांना विचारलंय मी ते. तुम्ही बाहेर बिडी ओढत होतात तेव्हा. त्यांनी हात जोडले. म्हणाले, दूसरे की दवा कोई नहीं खाएगा, हवालदारजी तो बिल्कुल नहीं."

"मग सगळी का नाही गिळत?"

"चाखणारा सगळं ताट खात नसतो."

"हे ताट तुमचंच आहे. मागे सरदार बसलेला नाही कुणी."

"आणि समोर?" ते म्हणाले. "समोर कोण आहे?"

मला काही समजलं नाही. तेव्हा त्यांनी खाली बसून मला त्यांच्या कामातली एक गोष्ट सांगितली. इतकी वर्षं शेजारी राहून मी ती ऐकली नव्हती. चाखणाऱ्यानं स्वतःचं स्वतः ठरवायचं नसतं. त्याची जीभ भीतीनंही बधिर होते, आणि त्याला वाटतं विष. त्याची छाती भीतीनंही उडते, आणि त्याला वाटतं संपलो. म्हणून त्याच्या समोर एक माणूस बसवायचा. मुदपाकखान्याचे दरोगा, म्हणजे तिथले मुख्य, बसत. ते तोंडाचा रंग बघणार, डोळे बघणार, ओठ बघणार. वेळ झाली की ते म्हणणार, काही झालं नाही. मग चाखणारा उठणार.

"दरोगा होते तोवर मी पंगतीत बसल्यासारखा निर्धास्त खात होतो," गणपतराव म्हणाले. "दरोगा वारले, मुदपाकखाना मोडला. मग वहिनी होत्या."

"हिला हे माहीत होतं?"

"मी कधी सांगितलं नाही. त्या बघायच्या."

मी खिशातली बिडी काढली होती ती परत ठेवली. त्यांना हाताला धरून आमच्या चबुतऱ्यावर आणलं. ऊन उतरलं होतं, गल्लीत भाजीवाला ओरडत होता. मी लोटाभर पाणी आणलं आणि त्यांच्या समोर बसलो. कडेला नाही, समोर.

"नवी काढा," मी म्हणालो. "चाटलेली नको."

त्यांनी माझ्याकडे बघत गोळी जिभेवर ठेवली. पाणी प्यायले. गळ्याची गाठ वर गेली आणि खाली आली.

"थांबा," म्हणाले, आणि नाडी धरायला हात नेला.

"हात खाली. आता ते काम माझं आहे."

माणसाच्या तोंडाकडे एवढा वेळ मी कधी बघितलं नव्हतं. परेडीत बटणं बघायची असतात. गणपतरावांच्या उजव्या भुवईत एक पांढरा केस आहे, तो मिशीएवढा लांब. तो थरथरत होता.

"तोंड कोरडं पडलं."

"अजून पोटातसुद्धा पोचली नसेल. पाणी प्या."

"छातीत काहीतरी..."

"छाती मला दिसते आहे. वरखाली होते आहे. तसंच पाहिजे."

"हात कापतो, हवालदार."

"तो दुधीच्या भाजीलाही कापायचा."

भाजीवाला पुढच्या गल्लीत गेला. मी बघत राहिलो. किती वेळ बघायचं ते मला ठाऊक नव्हतं, हिला ठाऊक असायचं. मग त्यांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काही झालं नाही तुम्हाला, गणपतराव. जा आता घरी."

ते बसल्या जागी थोडा वेळ रडले. मग धोतर सावरून उठले. म्हणाले, "अजून तरी ठीक."

गोळीचा गुण यायला डॉक्टर म्हणाले होते तसे बरेच दिवस लागले. मधे कुरकुर पुष्कळ झाली, दोनदा दवाखान्यात पळालो. पण गुण आला. सुतळी सुटली. आता चौथी तुळस जोरात आहे. पण मला सांगायची होती ती पहिल्या गोळीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

मी दात घासत होतो. गणपतराव आले, हातात हिची वाटी. दुधीच्या भाजीची ती वाटी इतके महिने त्यांच्याकडेच होती. भांडं रिकामं परत करायचं नसतं म्हणून ठेवली होती, म्हणाले, आणि त्यात घालायला त्यांच्याजवळ काही नव्हतं. आता तिच्यात दुधीची भाजी होती. स्वतः केलेली. फोडी कुठं पाटाएवढ्या, कुठं दिसतच नव्हत्या.

"चाखलेली आहे," ते म्हणाले. "बसा."

मी बसलो. ते हिच्या जागेवर बसले, माझ्या बरोबर समोर.

"खा. वहिनी गेल्यापासून तुम्ही नीट जेवलेला नाहीत. कोट खुंटीवर टांगल्यासारखा लोंबतोय अंगावर. तुम्हाला काय वाटलं, मी रोज संध्याकाळी तुमची ती डाळ चाखायला येत होतो? चूल पेटली का बघायला येत होतो."

मी खाल्लं. भाजीत मिठाचा पत्ता नव्हता. चाखणाऱ्याच्या तोंडाला कोरड पडली होती, त्याला ते कळणार कसं? मी सगळी संपवली, वाटी पुसून घेतली. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, स्वतःच्या नाडीला हात न लावता.

"कसे आहात?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न ते पहिल्यांदाच विचारत होते. रोज त्याचं उत्तरच द्यायचे.

"अजून तरी ठीक," मी म्हणालो, आणि वाटी घासायला घेतली.